बिनगाठीची वायर

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा एक संशय माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. घरातले म्हणतात, संशयी स्वभाव मी तुमच्याकडूनच घेतला. असेल. चहा घेऊन येणारा माणूस शेडच्या दारात जरा जास्त वेळ रेंगाळला तरी माझे कान टवकारतात. रंकाळ्याकडच्या आपल्या त्या शेडमध्ये मंडळांच्या गणपतीसाठी लायटिंगचे बोर्ड तयार व्हायचे, तेव्हा तुमचं तरी काय वेगळं होतं? पुढून हजारभर रंगीत बल्बांचा मोर नाहीतर गणपती, आणि मागे सगळी वायर काळी. रंग वेगळे असले तर दुसरा लायटिंगवाला बघून नक्कल करील, ही तुमची भीती. एवढा बोर्ड एका रोलरवर चालत नसे. तुम्ही त्याचे सात-आठ भाग पाडायचात, आणि प्रत्येक भागाला मोटरीवर फिरणारा, पितळी पट्ट्यांचा एकेक लाकडी रोलर; तो फिरेल तसे त्या भागातले दिवे लागायचे आणि विझायचे. कुठली वायर कुठल्या रोलरची हे कळायला तिच्या टोकाला गाठी असत, एक, दोन, तीन. देवाच्या चेहऱ्याची वायर तेवढी बिनगाठीची आणि तिचा रोलर अगदी स्वतंत्र, म्हणजे बाकी सगळं बंद पडलं तरी देवाचं तोंड अंधारात जाऊ नये. यातलं काहीही तुम्ही मला सांगितलं नव्हतं. पत्र्याच्या फटीतून बघून मी ते जमवलं होतं.

कारण मागे यायची मला बंदी होती. बारा वर्षांची असेन. बाहेर कुणी गिऱ्हाईक आलं आहे आणि तुम्ही ओरडताय, "पावणं, मागं काय बगताय? पुढनं बगा की!" तेवढी संधी साधून मी बोर्डाच्या मागे शिरते. तिथे काका बसलेले, तुमच्याकडे वीस वर्षं काम करणारे, कुरुंदवाडहून रोज एसटीने येणारे. ते सरकून मला बसायला जागा करून देतात. मग तुम्ही येता, दंडाला धरून मला बाहेर काढता आणि म्हणता, "आज तू माझी हाईस, उद्या लगीन करून दुसऱ्याच्या घरला जाशील. गाठी तितं न्ह्यायच्या न्हाईत." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवा टेस्टर आणून दिलात, लाल मुठीचा. मी तो घेतला, पण मला ते लागलं ते लागलंच. परक्या माणसाला गाठी कळल्या तर चालतं आणि पोटच्या पोरीला कळल्या तर नाही, हे मला कित्येक वर्षं पटलं नाही.

लग्न मी केलंच नाही. तुमच्या मागे शेड मीच चालवायला घेतली, आणि काकाही राहिले. मग पिक्सल आले. एकेका दिव्याला स्वतःचा रंग कळतो, आणि रोलरऐवजी हाताएवढा कंट्रोलर, त्याला आठ पोर्ट. पहिलंच मोठं काम आलं ते एका जुन्या मंडळाचं, तुमच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाइकाचं. चार हजार दिव्यांचा गणपती. हे काम बिघडलं असतं तर शेडचं नाव पुसलं गेलं असतं. मी शहाणपणा केला. वायर कमी, लपवायचंही कमी, म्हणून अख्खा गणपती एकाच पोर्टवर एका लांब माळेत ओवला. खिडक्यांना पोती लावून भर दुपारी चालू करून बघितलं, तर मुकुट पांढरा, पोट पिवळट, आणि पायाशी, माळेच्या शेवटाला, सगळं लाल पडून फडफडतंय.

माझी चूक असेल हे माझ्या मनातही आलं नाही. कुणीतरी मुद्दाम करतंय, असंच वाटलं. तिसऱ्या दिवशी जेवून परत आले तर काका पक्कड घेऊन बोर्डाच्या मागे बसलेले, आणि माळ कापलेली. त्याआधीच मला कुणीतरी सांगितलं होतं, की ते इचलकरंजीच्या दुसऱ्या लायटिंगवाल्याकडे दिसले. माझं डोकं फिरलं.

"काका, तुम्ही त्यांच्याकडं गेला होता की नाही?"

"व्हय, गेलतो. पर ताई, आदी आयकून तर—"

"काय ऐकू? तिकडं जाऊन यायचं आणि इथं माळ कापायची?"

काकांनी पक्कड खाली ठेवली. "आबा लई संशयी हुतं," ते म्हणाले, "पर मला त्येनी कदी असं इचारलं न्हाई." आणि ते एसटी धरायला निघून गेले.

संध्याकाळी मी मागे जाऊन बघितलं. माळेचे आठ तुकडे झाले होते. प्रत्येकाला स्वतंत्र वायर, टोकाला एक गाठ, दोन, तीन, अशा सातापर्यंत. आठवी बिनगाठीची. मी गाठींप्रमाणे पोर्टला वायरी लावल्या, कुठल्या पोर्टवर किती दिवे ते कॉम्प्युटरला सांगितलं. गणपती पायापर्यंत पांढराशुभ्र उजळला. मी तिथेच खाली बसले आणि रडले. मंडळाच्या उद्घाटनाला मला शाल-नारळ दिला, कुणीतरी माईक पुढे केला, तर मी म्हणाले, "विभागणी मी केली, पद्धत आमच्या आबांची."

दोन दिवसांनी कुरुंदवाडला गेले. माफी मागितली. काकांनी पाणी दिलं आणि सांगितलं, माळ शेवटाला लाल का पडते हे विचारायलाच ते इचलकरंजीला गेले होते, मला कमीपणा नको म्हणून गुपचूप; एवढ्या लांब माळेत शेवटपर्यंत करंट पुरत नाही, हे त्यांना तिथे कळलं. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, आबांनी तुम्हाला गाठी कधी शिकवल्या?

"त्येनी कुटं शिकवल्या? गाठी माज्याच की. मागं अंदार, आकडं दिसायचं न्हाईत. बोटाला गाठ कळती. देवाच्या तोंडाला गाठ नको, येवडंच आबांचं." रिकामा पेला उचलत म्हणाले, "तुमचं भाषण आयकलं ताई. मांडवात हुतो मी. तोंड पेटतंय का बगाय आलतो."

सोमवारी ते कामावर आले.

आता माझा संशय सांगते. लोक बोर्डाचं कौतुक करून मागची पद्धत विचारायचे तेव्हा तुम्ही विषय बदलायचात, ते गुपित राखायला, की गाठी तुमच्या नव्हत्या म्हणून? मला मागे येऊ दिलं नाहीत, ते मी परक्याच्या घरी जाईन म्हणून, की तिथे काम कोण करतंय हे मला दिसेल म्हणून? तुम्ही उत्तर देणार नाही. पण तुम्हाला नावं ठेवायचा अधिकार मलाही राहिलेला नाही. आजही कुणी विचारलं की मी "आबांची पद्धत" असंच म्हणते. काका आता थकलेत, पण सणाला येतात, आणि मी असं म्हणाले की उठून मागच्या वायरी तपासायला जातात.

हे पत्र त्यांनाच लिहायचं होतं, आबा. कुरुंदवाडचा पत्ता मला पाठ आहे. पण त्यांना लिहिलं तर ते खरंच वाचतील, म्हणून तुम्हाला लिहिलं.