शी, बाबा!

आमोणे, डिचोली

प्रिय सुविधाताई,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. वाचून तू स्वतःला बोल लावशील, आणि चूक तर माझीच आहे.

चतुर्थीला तू वास्कोहून आलीस, तेव्हा आमचे हे गोठ्यातून दुधाची बालदी घेऊन आत आले. त्यांच्या अंगाला शेणाचा वास येत होता, तुझ्यासमोर मला त्यांची लाज वाटली. मी नाक धरून "शी!" म्हटलं आणि आपण दोघी हसलो. हेही हसले.

साईश माझ्या कडेवर होता. दोन वर्षांचं पोर, लगेच शिकलं. आता बाबा गोठ्यातून आले की तो नाक धरून "शी, बाबा!" ओरडतो. हे रागावत नाहीत. विहिरीवर साबण लावून हात घासतात, हुंगून बघतात आणि मगच त्याला उचलतात. काल ते पुन्हा पुन्हा हात धूत होते. मी दारातून बघत होते. मला ते बघवेना.

या घरातलं दूध, तांदूळ, भाजी सगळं त्याच हातांनी येतं, ताई. साईश त्यावरच गुटगुटीत झालाय.

आज सकाळी साईशला घेऊन मी गोठ्यात गेले. आजवर मी दारातूनच परतायचे.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"कितें चुकलें?" म्हणत ते धार काढत राहिले.

मी पुढे सरकले तशी गाय बिथरली. साईश घाबरून माझ्या हातातून सुटला आणि बाबांना बिलगला.

"गायीक तुजी वळख ना गो," ते हळूच म्हणाले. "हांगा, म्हजे लागीं उबी राव."

मी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले.

तुझी,
पूनम