डोंगरावरची एकमेव कंपनी

थॉर्नकम,
१७ ऑक्टोबर २०२४

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे तीन व्हिडिओ कॉल आलेले दिसले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस, मी डेटा वाचवतेय. आमच्या या खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही आणि इंटरनेट देणारी कंपनी एकच, डोंगरावरच्या टॉवरवरून. महिन्याला ठरावीक डेटा मिळतो. तो संपला की घरचा फोनसुद्धा धड चालत नाही. म्हणून हे तिकीट लावून पत्र.

तुझे काका बरे आहेत. स्ट्रोकनंतर चालणं सुधारलंय, उजवा हात अजून सुस्त आहे. शब्द मात्र अडकलेत, इंग्रजी तर पूर्णच. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमधली स्पीच थेरपिस्ट, अनुया, नशिबानं नागपूरची निघाली. ती आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर त्यांच्याकडून मराठी शब्द म्हणवून घेते. मंगळवारी ते ‘पाणी’ म्हणायच्या अगदी बेतात होते. ओठ मिटले, आणि तिचं चित्र गोठलं. डेटा संपला होता. काकांनी टेबलावर मूठ आपटली आणि थंडीत बागेत जाऊन बसले.

शेजारीण जोनला बरोबर घेऊन मी जवळच्या बाजाराच्या गावी कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलानं मोठं पॅकेज दाखवलं, जवळजवळ दुप्पट दराचं. वर एप्रिलमध्ये सगळ्यांचेच दर वाढणार म्हणाला. मला हे नको असेल तर काय, असं विचारलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, की मॅडम, तुमच्याकडे दुसरं कोणी येतच नाही. तो उद्धट बोलला असता तर मी विसरूनही गेले असते. पॅकेज न घेताच परतले.

अनिशला आशीर्वाद. तुमच्या दोघांवर माझा जीव आहेच.

तुझी,
सुलक्षणाआत्या


मँचेस्टर,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग काकांचं वाचलं आणि हसू गेलं. आमच्या फ्लॅटच्या दारात दर आठवड्याला कुठल्यातरी नव्या कंपनीचं लीफलेट पडतं. मी नुसतं फोन करून सोडून जाते म्हटलं की दर खाली येतो. देश एकच, पण तुझं खोरं बहुतेक नकाशातून गळालंय.

आत्या, आता स्पष्ट लिहिते. मोठं पॅकेज घे, पैसे मी आणि अनिश भरू. किंवा खरं तर इकडेच या. आमच्यापासून दोन रस्ते सोडून एक बंगला विकायला आहे, पायऱ्या नाहीत, ट्राम जवळ. स्ट्रोकनंतरचं पहिलं वर्ष किती मोलाचं असतं, हे मला तूच शिकवलंस. तेव्हा तत्त्वासाठी काकांचे दिवस घालवू नकोस. जास्त बोलले असेन तर कान धर, पण समोर येऊन.

काकांना नमस्कार. माया अशीच असू दे.

तुझी,
कस्तुरी


थॉर्नकम,
१० फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरीस,
अ. आ.

कान धरणार नाही, कारण तुझं म्हणणं खरं होतं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठं पॅकेज घेतलं. पैसे आमचे आम्हीच भरतोय. अनुयाचा एकही तास बुडाला नाही, काका आता चार-सहा शब्द नीट म्हणतात. मला कंपनीशी भांडायचं होतं, पण काकांच्या जिभेच्या बदल्यात नाही.

पण भांडतेय. पलीकडच्या गावापर्यंत फायबर केबल आलीये. तिथून इथवर आणायला कोणी तयार नाही, तेव्हा आम्हीच आणतोय. गावानं सोसायटी काढली आणि घरटी वर्गणी जमवली. केबल रस्त्याखालून न्यायची तर खर्च आवाक्याबाहेर, म्हणून ती शेतांतून येतेय. जोननं पहिली आपली मेंढ्यांची कुरणं दिली, मग बाकीच्यांना नाही म्हणायला जड गेलं. तीस वर्षं मी या लोकांची जीपी, म्हणजे गावची डॉक्टर होते. जे लहानपणी लस टोचली की भोकाड पसरायचे, ते आता शनिवारी माझ्याबरोबर चिखलात चर खणतात. काका रोज चराच्या कडेनं काठी टेकत चालतात, कुठे उथळ दिसला की काठीनं दाखवतात. विमानं जोडण्यात आयुष्य गेलेला इंजिनिअर, त्याला वाकडं खपत नाही.

बंगल्याचं मनावर घेऊ नकोस. आम्हाला तुमच्याकडे यायचं असेल तर हौसेनं येऊ, कोणी इथून हुसकलं म्हणून नाही.

आठवण ठेव, आणि ठेवतेस हे कळवत जा.

तुझी,
आत्या


मँचेस्टर,
३ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हरले. ईस्टरला आम्ही दोघं येतोय. अनिशनं आजवर कुंडीतसुद्धा काही खणलेलं नाही, तेव्हा त्याला सोपा तुकडा दे. मला खरं फावडं हवं.

तुझी लाडकी (मीच म्हणते),
कस्तुरी


थॉर्नकम,
२ जून २०२५

चि. कस्तुरीस,
अ. आ.

गुरुवारी आमच्या घरात केबल लागली. अनिशनं खणलेला तुकडा पुन्हा खणावा लागला, त्याला सांगू नकोस.

पण त्याआधी एक संध्याकाळ अवघड गेली. चर खणायचं शेवटचं कुरण उरलं असताना कंपनीचा माणूस व्हिलेज हॉलमध्ये आला. निम्मा दर, डेटाला मर्यादा नाही, फक्त दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आणि सही आजच. इतकी वर्षं जे जमत नव्हतं, ते आमचा चर दिसल्यावर जमलं. काहींनी फॉर्म हातात घेतले. पेन्शनवर जगणारी माणसं, त्यांना मोह झाला तर मी काय म्हणणार? मलाही क्षणभर वाटलं, की पुरे झालं.

तेवढ्यात काका उठले. काठी खुर्चीला टेकवली, नुसते उभे राहिले आणि म्हणाले, “नको.”

मराठी मी सोडून तिथे कोणाला येते? कंपनीचा माणूस माझ्याकडे बघू लागला. पण जोननंच त्याला सांगितलं की ते नाही म्हणतायत. मग ती स्वतः उभी राहिली, आणि तिच्यामागे जवळजवळ सगळा हॉल. सात घरांनी सही केली. त्यांच्याशी आमचं वाकडं नाही, त्यांनाही केबल हवी तेव्हा मिळेल.

घरी येताना मी काकांना विचारलं, की तुम्हाला नक्की काय नको होतं, कंपनी की तिची मेहेरबानी. ते काठी टेकत फाटकापर्यंत चालत राहिले. मला वाटलं, शब्द सापडत नसेल. मग कडी काढता काढता स्वच्छ म्हणाले, “दोन्ही.”

तुझी,
आत्या