पाच पायऱ्या आणि आपोआप लागणारा दिवा

सोमवार ४, सकाळ
सासरे शनिवारी राहायला येणार. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी फिरून आल्यावर आमच्या दाराच्या पाच पायऱ्या अंधारात चढणं धोक्याचं. ही म्हणाली, वायरमनला बोलवा. मी असताना वायरमन? सासरे स्वतः तीस वर्षं वायरमन होते. एकदा तरी त्यांच्या तोंडून माझं कौतुक ऐकायचंच. सेन्सर लाइट आणला. माणूस हलला की आपोआप लागतो. सोलर आहे, वायरची भानगड नाही. पंधरा मिनिटांचं काम.

मंगळवार ५
अडीच तास लागले. पॅनेल पावसात भिजू नये म्हणून पोर्चच्या छताखाली बसवलं. एवढा पुढचा विचार कंपनीसुद्धा करत नाही.

बुधवार ६, संध्याकाळी ७
लागला नाही. पॅनेलला ऊन मिळत नाही, असं हिचं मत. मतं काय, कुणालाही असतात.

गुरुवार ७
जालीम उपाय. पॅनेलसमोर ट्यूबलाइट, दिवसभर चालू. संध्याकाळी तरी दिवा ढिम्म. माहितीपत्रक वाचलं. उजेड असला की सेन्सरला दिवस वाटतो. ही म्हणाली, मग ट्यूबच राहू द्या, उजेड तर पडतोय. हिला मुद्दाच कळत नाही.

शुक्रवार ८
सोलर परत केला. सेलवाला आणला. अप्रतिम. मी गेलो, लागला. मी आलो, लागला. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवला. त्यांच्या मांजरीलाही आवडलेला दिसतो, पायरीवरून हलेना.

शनिवार ९, दुपार
सेल खलास. चूक मांजरीची. आता थेट घरच्या लाइनवरचा आणला. मेन बंद करून पोर्चच्या बटणावरून कनेक्शन घेतलं. यशस्वी. घरातलं बटण दाबलं की आपोआप लागतो.

त्याच दिवशी, रात्री ८
सासऱ्यांना आणायला आम्ही दोघं स्टेशनवर. परत आलो तर बटण आत, आम्ही बाहेर. सासरे मोबाइलच्या उजेडात, माझा खांदा धरून चढले. खुर्चीत बसल्यावर विचारलं, कनेक्शन बटणाच्या आधी घेतलंत की नंतर? म्हटलं, मधोमध. ते पाणी प्यायले.

रविवार १०
वायरमन बुधवारी येणार. हिनेच सांगितलं. तोपर्यंत रोज संध्याकाळी मी टॉर्च घेऊन पायरीवर उभा. सासरे दिसले की लावायचा. आज त्यांनी हिला विचारलं, जावईबापू कशावर चालतात? ही म्हणाली, दोन कप चहावर. सासरे म्हणाले, मॉडेल चांगलं आहे, फक्त जांभया फार देतं.
शेवटी कौतुक झालंच. जांभयांचं तेवढं उद्या बघतो.