वारासिवनीला पुन्हा अनुदान

४ एप्रिल
आमच्या विशेष शिक्षण नेतृत्व संघाने शाखांकडून छोट्या अनुदानासाठी अर्ज मागवले. गेल्या वर्षी वारासिवनी शाखेला मिळालं. म्हणजे तिथल्या अध्यक्ष ज्योत्स्ना मेश्रामबाईंना. मला काहीच वाटलं नाही. वर्षभर वाटलं नाही.
यंदा बालाघाटलाच मिळणार. शाखाध्यक्ष मी. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणच्या विशेष शाळेचा मुख्याध्यापक. विषय ठरला: नेतृत्व विकास महासंमेलन. संकल्प: मेश्रामबाईंचं फेसबुक बघायचं नाही.

४ एप्रिल, संध्याकाळ
बघितलं. कुठल्या तरी विद्यार्थ्याबरोबर बाजारात केळी घेतानाचा फोटो. लाइक भरपूर. केळी घ्यायला नेतृत्व कशाला लागतं?

१२ एप्रिल
शाखेची सभा. हजर: मी आणि शीला मॅडम. बाकीचे लग्नांना. शीला मॅडम म्हणाल्या, "सर, पालकायले विचारून पाहू ना, त्यायले काय पाहिजे." सूचना चांगली. संमेलनात ठराव म्हणून घेऊ.

२० एप्रिल
खबर लागली. मेश्रामबाई बस कंडक्टरांना ट्रेनिंग देणार! विशेष मुलांना एकट्याने बसने येता-जाता यावं म्हणून. खूप हसलो. बायको अनुसयाही हसेल म्हणून तिला सांगितलं. ती म्हणाली, "मस्तच आहे की जी! तुमाले काहून नाही सुचलं?"
जेवलो नाही. नंतर थोडा दहीभात, पित्त होऊ नये म्हणून.

३ मे
वारासिवनीला गेलो. कामानिमित्त. बसस्टँडवर बाई कंडक्टरांच्या घोळक्यात. हातात चित्रांची कार्डं. कंडक्टर चक्क ऐकत होते! मी रसाच्या ठेल्याआड उभा, तरी दिसलो. "गजेंद्रभाऊ! या ना, रस घ्या. तुमच्या शाळेतली लेकरंही घ्यायची आहेत यात."
म्हणजे माझ्याशिवाय यांचं अडतं. घाबरल्यात. मोठ्या मनाने परवानगी दिली. रसात नुसता बर्फ होता.

२७ मे
अनुदान कमिटीची ऑनलाइन मुलाखत. उत्तम झाली. विचारलं, संमेलनातून मुलांना काय मिळेल? म्हटलं, प्रेरणा. मुलं येणार का? म्हटलं, स्वागतगीताला. मग कोणी काही विचारलंच नाही. समाधान झालं असणार.
बॅनर छापायला टाकला. फोटो जुना दिला, केस असलेला.

१५ जून
निकाल: वारासिवनी.
सेटिंग आहे. बाईंचा फोन आला, "दोन्ही शाखांचंच समजा, भाऊ." समजणार नाही. संकल्प: अध्यक्षपदाचा राजीनामा. मग बघू कोण कोण समजूत काढायला येतं.

१६ जून
सकाळी राजीनामा ग्रुपवर टाकला. शीला मॅडमचे हात जोडलेले. बाकी शांतता.
दुपारी मागे घेतला. शाखेच्या हितासाठी.

९ जुलै
आज वारासिवनीवाल्यांचा कार्यक्रम, तोही आमच्याच बालाघाटच्या बसस्टँडवर. जाणार नव्हतोच. भाजी आणायला त्याच बाजूने गेलो.
लामत्याची बस आली. आमच्या शाळेतली प्रियंका त्यात एकटी. ही मुलगी बोलत नाही, गर्दीत घाबरते. कंडक्टरने हात धरला नाही, नुसतं म्हणाला, "आलं बालाघाट." तिने हातातलं कार्ड पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि उतरली. टाळ्या. बाकड्याजवळ एक बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. मेश्रामबाई मागेच उभ्या, म्हणून मी पुढे झालो. फोटोत शाळेचं कोणीतरी हवं.
त्या बाईला विचारलं, तुम्ही कोण?
"प्रियंकाची माय, सर." आधीच्या बसने येऊन थांबली होती.
मी जरा मुख्याध्यापकासारखं म्हणालो, "कधी शाळेतही येत जा."
ती हसली. "रोजच येत होती ना जी. चार वर्सं. हिले वर्गात सोडून शाळा सुटेपर्यंत फाटकापाशी बसून राहात होती. तुमची गाडी आली का उठून बाजूले होत होती." मग डोळे पुसले. "आता फाटकापाशी बसा नाही लागत. उद्यापासून धानाच्या रोवण्याले जाईन."
मी हौ म्हणालो. फोटोसाठी मेश्रामबाईंनी हाक मारली. गेलो नाही.
घरी आल्यावर लक्षात आलं, तिचं नाव विचारायचं राहिलं.