पासपोर्ट परत मिळाले

तीर्थरूप नानांना लंडनहून उज्ज्वलाचा नमस्कार,

कारखान्यातल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने तुमचे कान गेल्यापासून फोनवर तुम्ही नुसते "बरं, बरं" म्हणता, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिने भाकरीसाठी दिलेलं कळण्याचं पीठ अजून पुरवतेय.

मंगळवारी वकील म्हणून माझी पहिली मोठी केस होती. घरकामाला आणलेल्या तीन बायकांचे पासपोर्ट मालकाने दोन वर्षं दडवून ठेवले होते. सुनावणीआधी त्याचा वकील मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्हीही व्हिसावरच आहात ना? जपून."

नाना, मी म्हटलं, "व्हिसावर आहे, म्हणूनच ही केस मला तुमच्यापेक्षा जास्त कळते."

कोर्टाने त्याच दिवशी पासपोर्ट परत द्यायला लावले. त्यातली एक बाई कितीतरी वेळ स्वतःच्या फोटोवरून बोट फिरवत बसली होती.

त्या वकिलाने माझी तक्रार केलीय. माझा व्हिसा वाढवायच्या अर्जाचं उत्तरही अजून यायचंय. तिकडे पर्वत पाटिया भागात राहणारे योगराजमामा म्हणतील, परक्या मुलखात पोरीला कशाला हवीत ही भांडणं? त्यांना सांगा, सोमवारी ती आणखी दोघींसाठी उभी राहणार आहे.

तुमची हट्टी लेक,
उज्ज्वला