उंदरांसमोर बोलायचं नाही

बुधवार, ९ एप्रिल

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा हवामान खात्याचं काम करतो, आणि खात्यापेक्षा बरं करतो.

तुझं पत्र वाचून हसलो. सख्खा भाऊ उंदीर मारून घर चालवतो आणि बहिणीच्या माळ्यावर उंदरांची शाळा भरते, हे बाहेर कुणाला सांगू नकोस, माझा धंदा बसेल. आता नीट ऐक. पिंजरा लावू नकोस. एक अडकला की बाकीचे शहाणे होतात. आधी वाट शोध. भिंतीला लागून तेलकट काळपट पट्टा दिसेल, तो त्यांचा रस्ता. तो जिथे संपतो तिथे भोक असणारच. भांडी घासायची तारेची घासणी त्यात कोंब आणि वरून सिमेंट लाव. तार दाताला लागते, म्हणून ती कुरतडत नाहीत. मोरीच्या तोंडाला जाळी बसव. खरकटं दाराबाहेर ठेव. झुरळांचं औषध या पत्रासोबत पाठवतोय, ते सिंकखाली टाक, पण हात धुऊन मगच चहा कर.

दाजींचा फोन आला होता म्हणतेस, बरं वाटलं. मोठ्या जहाजावर रेंज मिळत नाही, आवाज तुटतो, हे मीही ऐकून आहे. तसेही ते बोलण्यात काटकसरी. इंजिनाशी जेवढं बोलतात तेवढं माणसांशी बोलले असते तर पुढारी झाले असते.

माझं म्हणशील तर एक जुनी लाकडी बोट हातात घेतलीय. बरेच महिने धक्क्याला नुसती बांधून होती, आता मालकाला ती पुन्हा पाण्यावर काढायचीय. पण आत उंदरांनी वायरी सोलून ठेवल्यात. दोरावरून आणखी चढू नयेत म्हणून दोरांना पत्र्याच्या तबकड्या लावल्या. आतल्यांना मात्र औषध पुरणार नाही. बोटीच्या दोन फळ्यांमध्ये जी पोकळी असते तिथे त्यांचा संसार आहे. शनिवारी सकाळी सगळी झाकणं बंद करून वायू सोडायचा, दुसरा इलाज नाही.

एक गोष्ट मात्र मनाला पटत नाही. कुठे किती वर्दळ आहे ते कळावं म्हणून मी फळ्यांवर पांढरी पावडर भुरभुरवली होती. मागच्या भागात पावलांची नुसती जत्रा. पुढच्या कप्प्यात एकही पाऊल नाही. पावडर अगदी साफ, कुणी हात फिरवल्यासारखी. आणि बोटीवर दुरुस्तीला येणाऱ्या कामगारांच्या सामानातून काय जातं, तर साबणाची वडी, काडेपेटी. साबण उंदीर खातो, पण जागेवर. उचलून नेत नाही. लंबू, माझा माणूस, म्हणतो वॉचमनला हात मारायची सवय आहे. मला वाटतं पुढे मांजर असावं. असलं तर आधी बाहेर काढावं लागेल.

तारेची घासणी विसरू नकोस. पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.

तुझा,
दादा


रविवार, १३ एप्रिल

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. पत्राला कारण आहे, पण त्याला जरा दारात उभं राहू दे. भोकं बुजवलीस का? औषधाने झुरळं मरायच्या आधी बाहेर येऊन फिरतील, घाबरू नकोस.

तुला वाटेल, आठवडा उलटायच्या आत दुसरं पत्र कसं, फोन का केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस. लहानपणापासून बोलतेस. हे मला शेवटपर्यंत सांगायचंय, म्हणून कागद घेतला.

बोटीचं काम मी अर्धवट सोडलं. मी काम सोडत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून यावरूनच काय ते ओळख. आता क्रमानेच सांगतो, नाहीतर मीच पळ काढीन.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या म्हाताऱ्याने मला हे काम शिकवलं त्याने घातलेली. उंदरांसमोर बोलायचं नाही. औषध कोणतं, दिवस कोणता, यातला एक शब्द त्या जागेत तोंडातून काढायचा नाही, त्यांना कळतं. मी आणि लंबू खाणाखुणांनी काम करतो, बघणाऱ्याला वाटावं दोन मुके भाऊ जमिनीच्या वाटणीवरून भांडतायत. उंदराला आपली भाषा येत नाही हे मला कळतं गं. पण गप्प काम करणारा माणूस गिऱ्हाइकाला हुशार वाटतो, आणि निम्मं नाव मी त्या गप्प राहण्यावरच कमावलं. आत माणूस नाही ना हे आम्ही टॉर्च घेऊन फिरून बघतो. हाका मारत नाही. आजवर कधी गरज पडली नव्हती.

शनिवारी तसंच केलं. सगळे कप्पे फिरलो. पुढच्या कप्प्यात जुन्या दोरखंडांची रास होती, मागे फळ्यांची भिंत. मांजर नव्हतं. बाहेर आलो, झाकणं लावली, फटींवर पट्ट्या चिकटवल्या. लंबूने वायूचे डबे ओळीने मांडले. मालक धक्क्यावर उभे राहून घड्याळाकडे बघत होते, भरती चढायच्या आत त्यांना आम्ही मोकळं व्हायला हवं होतं.

डबा फोडायच्या आधी मी एकच गोष्ट करतो. हातोडीच्या दांड्याने बोटीच्या अंगावर ठोकतो आणि कान लावतो. ठोकलं की उंदीर दचकून थांबतात. पण उंदराला धीर नसतो. जरा वेळाने एखादा पाय हलवतो, मग दुसरा, मग सगळी आळी पुन्हा जागी होते. मागे ठोकलं, थांबले, सुरू झाले. मध्ये तसंच. पुढे ठोकलं आणि तिथे आधी काहीतरी होतं ते थांबलं. थांबलं ते थांबलंच. मी कान तसाच लावून ठेवला. लंबूने खुणेने विचारलं, फोडू? मी हात वर केला.

इतका वेळ गप्प राहणं उंदराला जमत नाही, चिमणे. मांजरालाही नाही. ते फक्त माणसाला जमतं.

मग मी रीत मोडली. झाकण उचलून आत ओरडलो, "कोण आहे आत? आम्ही विषारी वायू सोडतोय. असाल तर बाहेर या." लंबू माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. म्हणाला, "बोललात ना दादा, आता पळतील सगळे." मी पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. आतून काही नाही. धक्क्यावरून मालक म्हणाले, बाबा, कुणाशी गप्पा चालल्यात? नियमाने पाहिलं तर माझं काम तिथे संपलं होतं. बघून झालं होतं, हाक मारून झाली होती, उत्तर आलं नव्हतं. लंबूच्या हातात डबा तयार होता.

मी पहार उचलली आणि आत उतरलो. दोरखंडांची रास ओढली. मागच्या भिंतीतली एक फळी नुसती टेकवलेली होती, खिळा नाही. ती ओढली.

दाजी होते.

आता मध्येच उठू नकोस. जिवंत आहेत, धडधाकट आहेत, माझ्याकडे आहेत. वाळलेत. गाढ झोपले होते, म्हणून हाक ऐकू आली नाही. जागा मात्र तुझ्या स्वयंपाकघरासारखी टापटीप, दोरीवर रुमाल वाळत घातलेला, साबण झाकणात, फणी कडेला. पावडरीवरची स्वतःची पावलं ते रोज हाताने पुसायचे. मालकांना मी सांगितलं, मोठं मांजर निघालं, आज वायू सोडता येणार नाही. मालकांचा विश्वास बसला की नाही ठाऊक नाही. लंबूने स्वतःचा सदरा दाजींच्या डोक्यावर टाकला आणि त्यांना धक्क्यावरच्या लोकांमधून चालवत नेलं. नंतरही एक प्रश्न विचारला नाही त्याने. गप्प राहायची सवय एकदा तरी कामाला आली.

मोठं जहाज वगैरे काही नव्हतं. शेवटच्या बोटीवर त्यांच्या पाळीत इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा कॉक उघडायचा राहिला. इंजिन जाम झालं, बोट वाहत जाऊन खडकाला घासली. कुणाला खरचटलंही नाही, पण त्यांना तिथल्या तिथे उतरवलं. त्याच दिवशी ते घरी आले होते. तुला माहीत नाही, पण आले होते. दारात चपला काढत होते आणि तू आत शेजारणीला सांगत होतीस, आमच्या ह्यांच्या हाताखाली इंजिन कधी बंद पडलेलं नाही. त्यांनी चपला परत घातल्या. संध्याकाळी तुला फोन आला की मोठं जहाज मिळालंय, लगेच निघालोय.

तुझी चूक काढत नाही. नवऱ्याचं कौतुक करायचं नाही तर कुणाचं? ही जुनी बोट त्यांच्या ओळखीची, लग्नाआधी एक हंगाम तिच्या इंजिनावर होते. तिथे शिरले आणि राहिले. दिवसा धक्क्यावर कुठे हमाली, कुठे साफसफाई, आणि बोटीत कुणी नसेल तेव्हा तुला फोन. आवाज तुटायचा तो रेंजने नव्हे.

इथपर्यंत लिहून मी चहा प्यायला उठलो होतो. परत येऊन वाचलं. वर मी लिहिलंय की गाढ झोपले होते. ते खोटं आहे. खोडत नाही, तुला दिसू दे की ते लिहिताना मीही कच खाल्ली.

फळी काढली तेव्हा ते जागे होते. गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एक चप्पल पायात, एक हातात. माझ्याकडे बघत होते, दचकलेही नाहीत. बोटीवर मी काही विचारलं नाही. घरी आणलं, अंघोळ घातली, वहिनीने वाढलं, ते मान खाली घालून जेवले. मग मी विचारलं, "दाजी, मी हाक मारली ती ऐकली होती?"

"पहिलीच ओळखली."

"वायू सोडतोय म्हटलं, ते?"

"ते पण."

"मग बाहेर का नाही आलात?"

त्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून. दुसरा कुणी असता तर आलो असतो."

मी आयुष्यभर कानाचं खाल्लं, चिमणे. भिंतीआडचं, फरशीखालचं ऐकलं. हे एक वाक्य ऐकायला माझे कान तयार नव्हते. आपल्या माणसासमोर यायची लाज मरणापेक्षा जड झाली त्यांना. तुझा भाऊ, म्हणजे तूच. हातोडीचे ठोके ऐकून चप्पल घालायला घेतली होती, उठणार होते, आणि माझा आवाज ओळखून पुन्हा बसले. लंबूचा हात जरा सैल असता तर आज मी तुला वेगळंच पत्र लिहीत असतो, किंवा लिहीतच नसतो.

हे मी तुला का सांगतोय? तुला रडवायला नाही. दाजींचं म्हणणं होतं, दादा, तिला लिहा की जहाजावरून उतरलो, तब्येत बरी नव्हती. गोड दिसेल ते. पण मग तू त्यांच्याशी जहाजावरून आलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलशील, बंदरं विचारशील, शेजारणीला बोलावशील, आणि ते पुन्हा एखादी फळी शोधतील. या वेळी ती मला सापडेलच असं नाही. तू आत काय आहे ते समजून दार उघडावंस एवढ्यासाठी लिहिलं.

सध्या मी त्यांच्या खोलीची आतली कडी काढून ठेवलीय. न्हाणीघराचीही. त्यांच्या लक्षात आलंय. उद्या त्यांना एका ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे नेतोय, अशा गोष्टींच्याच डॉक्टर आहेत. यायला तयार झालेत, हे मी चांगलं लक्षण धरतो. तू ये. रागावून आलीस तरी चालेल, खोटं बोलले त्याचा राग धरायचा तुला हक्क आहे. पण इंजिनावरून एक शब्द नको. आणि आलीस की आधी त्यांच्याजवळ बस, कौतुकही नको, सांत्वनही नको. मग काय बोलायचं ते तुझं तुला सुचेल.

हे पत्र मी आत्ता त्यांना वाचायला देणार आहे. त्यांच्या पाठीमागे पाठवणार नाही, त्यांच्यापासून लपवायचं आता काही ठेवायचं नाही. नको म्हणाले तरी टाकणार आहे, तेही सांगणार आहे. खाली थोडी जागा सोडतो. त्यांनी काही लिहिलं तर वाच. रिकामी आली तर समज की अजून वेळ लागेल, आणि तरी ये.

तुझी वाट बघणारा, दाराजवळ खुर्ची टाकून बसलेला,
दादा


दादांनी लिहिलेलं सगळं वाचलं. खरं आहे.
मी इथे आहे.