मशीनबद्दल चार ओळी

११ मार्च, दुपार

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, शिवणाचं काम भरपूर आहे, दुकानाच्या दाराला नवी कडी बसवली. पेपरातला तुझा फोटो पाहिला. कोट खांद्यात सैल आहे. कोणाकडून शिवून घेतलास? सख्खी बहीण मशीनवर बसलेली असताना कोट बाहेर शिवायचा, ही मोठ्या माणसांची रीत असेल बाबा.

मुलाखतीत तू म्हणालास, "ज्या दिवशी माणसाला कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही, तो दिवस म्हणजे माझं यश. तंत्रज्ञानाने समाजाला एवढं दिलं तरी पुरे." वाक्य छान आहे. गिऱ्हाइकं मला कौतुकाने वाचून दाखवत होती आणि मी दातओठ खात काज करत होते.

तुझ्या कंपनीच्या पुस्तिकेत छापायला 'घरच्यांचा अनुभव' म्हणून चार ओळी मागितल्यास. घे. तुम्ही बनवलेलं कानाचं मशीन उत्तम आहे. आईला आता नळ ठिबकलेलाही ऐकू येतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "अगं, केवढ्यांदा ओरडतेस! मी काय बहिरी आहे?" दुकानातले सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन इस्त्री केलेलेच कपडे पुन्हा इस्त्री करत बसले.

इतकी वर्षं आईचे कान मीच होते रे. कोण काय बोललं ते तिच्या उजव्या कानाला तोंड लावून मी सांगायचं. तुझा फोनही माझ्याकडेच यायचा. आधी तू माझ्याशी मनसोक्त भांडायचास, मग मी बोंबलायचे, "बारक्या जेवला म्हणतोय!" आणि तू तिकडे खो खो हसायचास.

आता तुझा फोन त्या मशीनमधून थेट तिच्या कानात जातो. खोलीत तुझा आवाजच येत नाही. ती एकटीच हसते, "हो का?" म्हणते, मान काय डोलावते! परवा मी विचारलं, "काय म्हणाला गं?" तर म्हणते, "काही नाही, असंच."

बारक्या, आपल्या घरी येणारा जो तो तिला हेच सांगून गप्प करायचा. मग ती बिचारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. आता मी बसते.

जळते मी. स्पष्टच लिहिते. तुझ्या नावावर, फोटोवर जळते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त तुमच्या त्या हसण्यावर जळते. माझ्यादेखत हसता आणि मला काही सांगत नाही.

मशीन परत ने असं म्हणणार नाही. तिला ऐकू यावं म्हणून मी काय कमी दवाखाने पालथे घातले? तिच्या तोंडावरचं हसू बघून बरंच वाटतं. बरं वाटतं आणि पोटात दुखतंही. हे मात्र पुस्तिकेत घालू नकोस, एवढी अब्रू राख.

आणि एक कर. माझा नंबर बदललेला नाही. त्यावर फोन कर. आईची चौकशी करायला नको, मशीन कसं चाललंय ते विचारायलाही नको. माझ्याशी बोलायला कर.

जिच्या कानांना काहीही झालेलं नाही, ती तुझी

ताई